शेळीची पापणी आणि सतरा लाल

ज्या समाजाला आपल्या शेळ्यांच्या पापणीचा आतला रंग ठाऊक नाही, त्या समाजाची प्रगती झाली असं कुणाला म्हणता येणार नाही. आपल्याकडं हजारो वर्षं शेळ्या होत्या, शेळ्यांना पापण्या होत्या, पापण्यांना आतली बाजूही होती. पण ती खाली ओढून बघावी आणि तिची नोंद तीन प्रतींत ठेवावी, हे आपल्या पूर्वजांना सुचलं नाही. त्यासाठी लाल पापणी अभियान कक्ष स्थापन व्हावा लागला.

शास्त्र तसं सोपं आहे. पावसाळ्यात शेळी ओलं गवत खाते, गवताबरोबर जंताची पिल्लं पोटात जातात, तिथं ती जठराला चिकटून रक्त पितात आणि शेळी आतून रिकामी होत जाते. तिची खालची पापणी ओढली आणि आत लाल दिसलं तर रक्त आहे, गुलाबी दिसलं तर कमी आहे, पांढरं दिसलं तर मालकानं मन घट्ट करावं. परदेशातल्या कुणा शहाण्यानं यासाठी पाच रंगांचं एक कार्ड केलं. एक म्हणजे लालभडक, पाच म्हणजे चुना. पापणीशेजारी कार्ड धरायचं, आकडा वाचायचा, चार किंवा पाच आला तर जंताचं औषध पाजायचं. या सगळ्याला अर्धा मिनिट लागतो. अर्ध्या मिनिटाचं काम खात्याकडं सोपवायचं तर ते आधी नीट वाढवून घ्यावं लागतं, आणि ही जबाबदारी कक्षानं समर्थपणे पेलली.

कक्षाचं एक उपकेंद्र हर्सूल तलावाच्या पलीकडच्या एका वस्तीत होतं. एक खोली, एक लोखंडी कपाट, अंगणात एक लिंबाचं झाड आणि बद्रीनाथ नावाचा पर्यवेक्षक, एवढा त्याचा पसारा. बद्रीनाथला शेळ्यांत सव्वीस वर्षं झाली होती. रस्त्यापलीकडून चाललेल्या शेळीकडं बघून तो सांगायचा की हिच्या पोटात जंत आहेत, ही दोन महिन्यांची गाभण आहे आणि ही तिसरी आपल्या वस्तीतली नाही, कुणीतरी ढापून आणलेली आहे. पण नजर हे मान्यताप्राप्त साधन नव्हे. एकदा त्यानं हद्दीबाहेरच्या एका म्हशीचं दुखणं नुसत्या नजरेनं ओळखून तिला सुई टोचली. म्हैस वाचली आणि बद्रीनाथला कारणे दाखवा नोटीस आली. (म्हैस मेली असती तर प्रकरण हद्दीबाहेरच राहिलं असतं.) तेव्हापासून तो जे दिसतं ते बघायचा नाही आणि जे कागदावर असेल ते दिसलं म्हणायचा. पेन्शनला दोन वर्षं उरलेल्या माणसानं असंच वागावं, असं त्याचं मत होतं आणि बायकोचंही होतं.

अभियानाचं परिपत्रक आलं ते अकरा पानांचं होतं. त्यातली महत्त्वाची कलमं अशी:

कलम तीन. क्रमांक १ व २ च्या शेळ्यांना औषध देऊ नये. त्यांच्या मालकास 'निरोगी शेळी' प्रमाणपत्र व शेळीस तांबडी फीत द्यावी.

कलम चार. क्रमांक ४ व ५ च्या शेळ्यांना औषध द्यावे.

कलम पाच. क्रमांक ३ बाबत पर्यवेक्षकाने विवेकबुद्धी वापरावी. (विवेकबुद्धी वापरल्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी, अशी विचारणा खालून झाली. तसा रकाना नसल्यानं तीनला औषध देऊ नये, असं तोंडी कळवण्यात आलं.)

कलम नऊ. उन्हाने कार्डाचा रंग उडतो, सबब कार्ड अंधारात व कुलपात ठेवावे.

कलम दहा. पापणीची तपासणी भर उन्हातच करावी.

शेवटची दोन्ही कलमं शास्त्राला धरून होती. कार्डाचा रंग उन्हानं उडतो हे खरं आणि सावलीत पापणीचा रंग कळत नाही हेही खरं. त्यामुळं दर मंगळवारी शेळी लिंबाशेजारी उन्हात उभी राही, कार्ड कपाटात राही आणि बद्रीनाथ पापणी बघून, तो रंग डोळ्यांत धरून अडतीस पावलं धावत आत जाई. वाटेत कुणी 'रामराम साहेब' म्हटलं की रंग सांडायचा आणि परत जावं लागायचं. मग त्यानं तोंडानं 'डाळिंब, डाळिंब' असं पुटपुटत धावायची सवय लावून घेतली. खोलीतली ट्यूबलाइट निळसर असल्यानं कार्ड आत नेहमीच मेलेलं दिसे आणि त्यापुढं कुठलीही पापणी उजवी ठरे. मनकर्णाबाईची काळी शेळी सकाळी दोन, दुपारी चार आणि बद्रीनाथला ताप होता त्या दिवशी तीन भरली. शेळीत काही बदल नव्हता, ती तिन्ही वेळा एकच पाला चघळत होती.

अशाच एका मंगळवारी जाहेदाबी तिची जर्दा घेऊन आली. (शासन तिला शेळी म्हणतं, जाहेदाबी बकरी म्हणते; जर्दानं दोघांनाही कधी ओ दिलेली नाही. जर्दा हे नाव ईदच्या गोड भातावरून पडलं, तंबाखूवरून नव्हे.) जाहेदाबीचा नवरा नवाब चिकलठाण्याला एका कारखान्यात ठेकेदाराकडं होता, तो आठवड्याला घरी येई. घरात लेक गौहर बाळंतपणाला आलेली. बाळ दोन महिन्यांचं. गौहरला दूध येत नव्हतं. बायकांत असं होतं, असं सगळ्यांनी मान्य केलं होतं. म्हशीचं दूध बाळाला बाधायचं, डब्याचं परवडायचं नाही, आणि जर्दाचं मात्र पाणी घालून, उकळून दिलं की ते पोटभर पिऊन झोपायचं. तेव्हा त्या घरात जर्दा म्हणजे काय होतं हे निराळं सांगायला नको. एरवी ती दिवसाला लिटरभर दूध द्यायची. आता ती अर्ध्या लिटरवर आली होती, केस उभे राहिले होते आणि चालताना मागं पडत होती.

बद्रीनाथनं ती वळणावर दिसली तेव्हाच ओळखलं. पापणी ओढली तर आत फिकट, शिळ्या गुलाबासारखं. तो धावला, 'डाळिंब' म्हणायचं विसरला नाही, कपाट उघडलं, ट्यूबलाइटखाली कार्ड बघितलं आणि कार्डानं सांगितलं, तीन. त्यानं परत येऊन जाहेदाबीला सांगितलं की या वेळी औषध बसत नाही, पुढच्या मंगळवारी बघू.

"साहेब, तुम्हाला दिसतंय ना बकरी कशी झाली ती?" जाहेदाबी म्हणाली.

"दिसतंय भाबी. पण माझं दिसलेलं धरत नायत."

बाजारात ते औषध मिळत नाही असं नाही. मिळतं, पण लिटरच्या डब्यात, दोनशे शेळ्यांना पुरेल इतकं, आणि जाहेदाबीकडं शेळ्या दोन होत्या, त्यातलं एक अजून करडू. उपकेंद्रात औषधाचा प्रत्येक घोट मोजलेला होता आणि त्याच्यापुढं शेळीचा क्रमांक लिहायचा होता. जाहेदाबीनं पदर सावरला, जर्दाच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्या चालीनं घरी गेली.

जिल्ह्यातून असेच आकडे गोळा झाले तेव्हा कक्षप्रमुख डॉ. काकासाहेब चिंतेत पडले. एकाच शेळीचे तीन क्रमांक येतात म्हणजे शेळ्यांत एकवाक्यता नाही, असं त्यांनी टिपणीत नोंदवलं. काकासाहेब हे विचार करणारे अधिकारी होते. कार्डाचा रंग उन्हानं उडतो, तर रंगच असा हवा की जो उडणार नाही, इथवर ते स्वतःच्या बुद्धीनं पोचले. आणि त्यांना त्यांच्या लग्नातली हिमरू शाल आठवली. एकतीस वर्षं झाली, तीनदा मुलांनी तिच्यावर वरण सांडलं, पण लाल धागा जसाच्या तसा. ती शाल विणणारे दाऊदचाचा अजून नवाबपुऱ्यात होते. वय पंच्याहत्तर, माग बंद पडलेला, डोळे मात्र सुईच्या टोकासारखे. काकासाहेबांनी त्यांना रंगतज्ज्ञ म्हणून नेमलं आणि पाच लालांचं धाग्याचं पक्कं कार्ड विणायला सांगितलं.

दाऊदचाचांनी परदेशी कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि परत दिलं.

"साहेब, लाल पाच नसतात. पाच तर आंधळ्यालाबी दिसतात."

मग किती असतात, असं काकासाहेबांनी विचारलं. चाचांनी बोटं मोजत नावं घेतली: किरमिजी, उन्नाबी, मजीठी, गुलनारी, अनारी, शहाबी... नावं संपेपर्यंत चहा निवला. एकंदर सतरा. यावर तीन बैठका झाल्या. पहिलीत सतरा लाल असू शकतात का यावर चर्चा झाली, दुसरीत ते असल्याचं मान्य झालं, आणि तिसरीत असा ठराव झाला की ज्या जिल्ह्यात सतरा लाल ओळखणारा माणूस हयात आहे त्या जिल्ह्यानं परक्यांच्या पाच लालांवर समाधान मानणं कमीपणाचं आहे. (बैठकांच्या काळात तपासण्या बंद होत्या. जंतांना तसं कळवण्यात आलं नव्हतं.)

कार्ड तयार झालं ते बघण्यासारखंच होतं. हातभर लांब पट्टी, सतरा पट्टे, पहिला किरमिजी, मग उतरत उतरत गुलाबी, प्याजी, मोतिया आणि सतरावा कपासी. कडेला बारीक वेलबुट्टी, ती चाचांनी आपल्या मनानं घातली होती. अनावरणाला मांडव घातला, एका देखण्या बोकडाला हार घालून व्यासपीठावर आणलं आणि काकासाहेब म्हणाले की आज विज्ञानानं हिमरू पांघरला आहे. बोकडानं हार खाल्ला. कार्यक्रम वेळेत संपला. कार्डाबरोबर ते वाचणारा माणूसही हवा, म्हणून दर मंगळवारी दाऊदचाचांना गाडीनं उपकेंद्रावर आणायचं ठरलं.

आता कार्ड उन्हात आणता येत होतं, धावायची गरज नव्हती, आणि चाचा पापणी बघून एका श्वासात क्रमांक सांगत. चूक म्हणून होत नसे. सगळं इतकं बिनचूक चाललं होतं की परिपत्रक जुनंच आहे ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. क्रमांक ४ व ५ च्या शेळ्यांना औषध द्यावे, असं त्यात होतं. पाचाच्या कार्डावर चार-पाच म्हणजे मरणपंथाला लागलेली शेळी. सतराच्या कार्डावर चार म्हणजे गुलनारी, पाच म्हणजे अनारी, म्हणजे उड्या मारणारी शेळी. पण कलम म्हणजे कलम. पहिल्या मंगळवारची आकडेवारी पुढीलप्रमाणे:

तपासलेल्या शेळ्या, दोनशे बारा. क्रमांक चार व पाच, एकसष्ट. सर्वांना औषध दिले. (पैकी एकीनं औषध पाजणाऱ्याच्या मांडीत शिंग घातलं, इतकी तिची प्रकृती खणखणीत होती.) क्रमांक सहा ते बारा, सत्तावन्न, तरतूद नाही. क्रमांक तेरा ते सतरा, सदोतीस, तरतूद नाही. उरलेल्यांपैकी क्रमांक एक व दोनच्या शेळ्यांना तांबडी फीत.

जर्दा तेरावर होती. बैठकांच्या तीन आठवड्यांत तिचं दूध दोन पेल्यांवर आलं होतं. पुढच्या मंगळवारी ती चौदावर गेली आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी पंधरावर. आता तिच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली होती, आणि ज्यांना शेळ्यांतलं कळतं त्यांना त्या पिशवीचा अर्थ कळतो. दूध एक पेला. बाळ रात्रीचं रडायचं आणि शेजारी भिंतीवर थाप मारायचे.

बद्रीनाथनं सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वर पत्र लिहिलं. कार्ड सतराचं झालं आहे, तरी कलम चारमधले आकडे बदलावेत, अशी नम्र विनंती केली. उत्तर आठ दिवसांत आलं, ही कक्षाची तत्परता. त्यात म्हटलं होतं की परिपत्रकात दुरुस्ती करण्याचा अधिकार परिपत्रक काढणाऱ्या अधिकाऱ्यास असून, सदर अधिकारी आता बदलून मत्स्यव्यवसायात गेले आहेत. (माशाला पापणी नसते. त्यांना तिथं बरं वाटलं असावं.)

बद्रीनाथला जेवण जाईना. जाहेदाबीनं आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं. आरडाओरड्यासाठी त्याच्याकडं तक्रारवही होती. ती नुसती यायची, जर्दाला उन्हात उभी करायची आणि आकडा ऐकून परत जायची. पंधराच्या दिवशी एवढंच म्हणाली, "साहेब, हिला पाचावर आणायचं म्हणजे हिला चांगली व्हावं लागंल. आन चांगली व्हायला दवा लागंल." या युक्तिवादात बद्रीनाथला कुठंही चूक सापडली नाही.

त्याच आठवड्यात मनकर्णाबाईच्या घरी जावळाचं जेवण होतं. ती ओट्यावर बसून ढीगभर कांदे चिरत होती आणि तिची काळी शेळी सालींसाठी शेजारी तोंड घालून उभी होती. बद्रीनाथ जेवणाला गेला होता, पण नजर काही घरी ठेवून येता येत नाही. कालपर्यंत प्याजी असलेली शेळीची पापणी रसरशीत लाल झाली होती, आणि मनकर्णाबाईची स्वतःचीही. बद्रीनाथ पान वाढलेलं सोडून उठला आणि उपकेंद्रावर जाऊन लिहायला बसला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली आणि तिची एकेक प्रत तो स्वतः घरोघर देऊन आला:

'सर्व शेळीपालकांस सक्त ताकीद देण्यात येते की, काही इसम ताजा कांदा मधोमध कापून तो शेळीच्या डोळ्यापासून एक वीत अंतरावर दोन मिनिटे धरतात. त्यामुळे पापणी तात्पुरती लाल होऊन खऱ्या क्रमांकाऐवजी क्रमांक ५ येतो व शेळीस औषध मिळते. हा गैरप्रकार आहे. तीन मिनिटे धरल्यास क्रमांक २ येतो, तो तर फारच गैर आहे. कोणीही असे करू नये. विशेषतः मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास करू नये.'

असा एकही इसम तोवर वस्तीत नव्हता. जाहेदाबीला वाचता येत नव्हतं. दहावी झालेल्या गौहरनं दाराला टेकून तिला नोटीस दोनदा वाचून दाखवली. शासन पहिल्यांदाच आपल्याला समजेल असं काही बोललं आहे, असं दोघींना वाटलं.

मंगळवारी रांग लागली आणि अंगणात कांद्याचा असा वास सुटला की दाऊदचाचांना भूक लागली. जाहेदाबीचा नंबर आला. चाचांनी पट्टी धरली आणि म्हणाले, दोन. बाईनं भीतीपोटी कांदा तीन मिनिटं धरला होता. बद्रीनाथनं कपाळावर हात मारला, पण कलम तीन स्पष्ट होतं. जर्दाच्या गळ्यात तांबडी फीत बांधण्यात आली, जाहेदाबीला 'निरोगी शेळी' प्रमाणपत्र देण्यात आलं आणि एवढा मान सोसवला नाही म्हणून जर्दा तिथंच लिंबाखाली बसली. उठवलं तर उठेना. शेळी बसली आणि उठेनाशी झाली की पुढच्या मंगळवारची वाट बघण्यात अर्थ नसतो.

बद्रीनाथनं परिपत्रक काढलं आणि अकरा पानं शेवटापासून उलटी चाळली. आठव्या पानावर त्याला हवं ते सापडलं: प्रमाणपत्र अमान्य असल्यास मालकास फेरतपासणी मागता येईल. आपली शेळी निरोगी ठरली म्हणून अपील करणारा मालक आजवर जन्मला नव्हता, त्यामुळं ते कलम कोरं करकरीत होतं. जाहेदाबीनं तिथल्या तिथं अंगठा उठवला.

मग बद्रीनाथनं सुईविना मोठी सिरिंज औषधानं भरली आणि जर्दाच्या तोंडाशी उकिडवा बसला. समोर दाऊदचाचा पट्टी धरून बसले. कांद्याची लाली उतरायची वाट बघायची होती. बाकीची रांग कांदे हातात धरून उभी राहिली.

"उन्नाबी," चाचा म्हणाले. तो दोन. बराच वेळ काही झालं नाही. "मजीठी." तो तीन. बद्रीनाथनं जर्दाचा जबडा उचलला. जाहेदाबीचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

"गुलनारी."

चार आला. बद्रीनाथनं सिरिंज गालफडात घातली, तेवढ्यात जर्दानं अंगात होतं नव्हतं तेवढं बळ काढून मान झटकली आणि औषध त्याच्या शर्टावर गेलं. त्यानं पुन्हा सिरिंज भरली. 

"अनारी झाली बद्रीभाऊ. पाच. लवकर करा, उतरतीय."

याच वेळी खिशातला फोन वाजू लागला. त्या सुरावरून तो काकासाहेबांचा होता हे बद्रीनाथला कळलं, आणि त्यानं नोकरीत पहिल्यांदा साहेबांचा फोन वाजू दिला. जर्दाची मान मनकर्णाबाईनं धरली, पाय जाहेदाबीनं धरले आणि औषध घोटाघोटानं आत गेलं. शेवटचा घोट गिळला तेव्हा चाचांनी जाहीर केलं, शहाबी, सहा. म्हणजे मुदतीत झालं होतं. बद्रीनाथनं रजिस्टरात लिहिलं: जर्दा, क्रमांक ५, औषध दिले. त्याच्या सव्वीस वर्षांच्या लिखाणात यापेक्षा खोटी आणि यापेक्षा खरी ओळ दुसरी नसेल.

त्यानंतर कांद्याची पद्धत गावोगाव पोचली. ताकीद देणारी नोटीसच लोकांनी एकमेकांना दिली, फोनवरून पाठवली, एकानं तर ती चाल लावून म्हटली. महिन्याभरात जिल्ह्यातून उपकेंद्रावर आणलेल्या चारशे अठरा मरतुकड्या शेळ्या क्रमांक पाचवर येऊन औषध पिऊन गेल्या. तीन आठवड्यांनी त्यांची दुसरी तपासणी झाली. या खेपेला कांद्याची गरज नव्हती, शेळ्या खरोखरच सुधारल्या होत्या. पंधराच्या नववर आल्या होत्या, सोळाच्या दहावर. जर्दाची पिशवी उतरली, केस बसले, दूध पाऊण लिटरवर आलं, बाळ झोपू लागलं आणि भिंतीवरच्या थापा थांबल्या.

रजिस्टरात मात्र असं दिसत होतं की औषधाआधी शेळी पाचवर होती आणि औषधानंतर नववर गेली. चारशे अठरा शेळ्या, प्रत्येकीची सरासरी चार क्रमांकांनी घसरण. काकासाहेबांनी हे आकडे तीनदा तपासले. विचार करणाऱ्या माणसाला त्यातून एकच निष्कर्ष काढता येत होता आणि तो त्यांनी धैर्यानं काढला: जंताच्या औषधानं शेळीचं रक्त कमी होतं. त्यांनी त्यावर निबंध लिहिला, चिकलठाण्याच्या एका हॉटेलात झालेल्या परिषदेत तो वाचला आणि शाल मिळवली. औषधाचा साठा परत मागवण्यात आला. ज्या शेळ्यांना औषध मिळालंच नाही त्यांच्यात पुढं कसलीही घसरण आढळली नाही. (मेलेल्या शेळीची पापणी तपासण्याची तरतूद नव्हती.)

अभियान यशस्वी झाल्यामुळं ते बंद करायचं ठरलं. बंद करण्याआधी निवडक घरी जाऊन अंतिम पडताळणी करायची होती, आणि त्या यादीत जाहेदाबीचं घर होतं. बद्रीनाथ आणि दाऊदचाचा सकाळी गेले. जर्दा दारात उभी होती, आल्या आल्या तिनं फॉर्मचा कोपरा खाल्ला. बद्रीनाथला असा आनंद झाला की त्यानं तो कोपरा तिला पुरता खाऊ दिला. चाचांनी पापणी ओढली आणि म्हणाले, आठ. जाहेदाबी हसली. इतक्या मंगळवारांत बद्रीनाथनं तिला हसताना बघितलं नव्हतं.

दूध काढायची वेळ झाली होती म्हणून गौहर बाळाला कडेवर घेऊन, हातात पातेलं घेऊन बाहेर आली. उंबरा ओलांडताना तिनं चौकट धरली, थोडी थांबली आणि मग उन्हात आली. दाऊदचाचांच्या हातात पट्टी तशीच होती. पन्नास वर्षं लाल धाग्यांत काढलेल्या माणसाला लाल कुठं आहे हे जसं कळतं तसं तो कुठं नाही हेही कळतं.

"बेटी, जरा वर बघ," ते म्हणाले.

गौहरनं वर बघितलं. चाचांनी तिला हात लावला नाही, अंतरावरूनच पट्टी धरली, पट्टे वर सरकवले, अजून सरकवले, पार शेवटाला आले.

"बद्रीभाऊ," ते हळू आवाजात म्हणाले, "बकरी आठावर हाय. पोरगी सोळावर हाय."

गौहर म्हणाली, मला काही झालं नाही, उठताबसता चक्कर येते तेवढी, बाळंतपणापासून येते. जाहेदाबी म्हणाली, बायकांत असं व्हतंच की. बद्रीनाथनं फॉर्म उलटापालटा करून बघितला. बावीस रकाने होते. शेळीचं वय, रंग, शिंगांची लांबी, मालकाचं नाव, मालकाचा मोबाइल नंबर. मालकाच्या घरातल्या कुणाची पापणी, असा रकाना नव्हता. रस्त्यापलीकडून चालत्या शेळीच्या पोटातले जंत ओळखणारा हा माणूस. ही पोर चौकट धरून चालते, हे नोटीस द्यायला आला तेव्हाच त्याला दिसायला हवं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं फॉर्म घडी करून खिशात घातला, रिक्षा बोलावली आणि गौहरला घेऊन माणसांच्या दवाखान्यात गेला. तिथं मंगळवार नव्हता, तरी रांग होती.

बद्रीनाथकडं निदान एक सबब आहे, त्याच्या फॉर्मवर तसा रकाना नव्हता. तुमच्या हातात तर फॉर्मही नव्हता. बाळंतिणीला दूध येत नाही असं कळल्यावर तुम्ही मान डोलावलीत, आणि शेळी वाचते की मरते हे बघायला पुढं वाचत राहिलात.